नेट मीटरचा अर्ज आणि वन्संची सही

१० जानेवारी

ति. वन्सं यांस,
सा. नमस्कार.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणालच. फोनवर बोललं की महिन्याभरानं "मी असं म्हटलंच नव्हतं" हे तुमचं ठरलेलं. म्हणून लेखी, आणि तेही रजिस्टरनं. माझ्या लग्नापासून आपलं कधी सरळ बोलणं झालं नाही, आणि मामंजी गेल्यापासून तर वाकडंही झालेलं नाही. त्यामुळे खुशाली विचारत नाही. थेट कामाचं लिहिते.

तुमची एक सही हवी आहे. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन, इस्त्री करून द्यायचं माझं काम तुम्हाला माहीत आहे ("आमच्या घराचा धोबीघाट केला" हे तुमचेच शब्द). दोन धुलाई यंत्रं, एक सुकवायचं आणि मोठी इस्त्री, सगळं विजेवर. हॉस्पिटलनं आता बजावलंय की दर कमी करा, नाहीतर पावसाळ्याआधी काम मोठ्या लाँड्रीकडे जाईल. म्हणून गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलंय. दिवसा जास्तीची वीज कंपनीच्या तारांत सोडायची, नसेल तेव्हा परत घ्यायची, आणि बिल फक्त फरकाचं. त्याला येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारं नेट मीटर लागतं. त्याचा अर्ज अडलाय. कारण जोडणी अजून मामंजींच्या नावावर आहे. वीज कंपनीच्या लेखी ते जिवंत आहेत आणि दर महिन्याला वेळेवर बिल भरतात. नाव बदलून तुमच्या भावाचं करायला दोन्ही वारसांची संमती पाहिजे, आणि गच्ची वापरायलाही.

गच्चीवरच्या खांबांच्या त्या सळया तेवढ्या कापाव्या लागतील. तशाही गंजल्यात, वाळत घातलेल्या चादरी फाटतात. घाई एवढ्यासाठी की आमच्या रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर आता एकाच घराच्या सोलरला जागा उरलीय. समोरचे मिशीवाले कागद घेऊन फिरतायत. त्यांचा अर्ज आधी पुरा झाला तर आम्ही बसलो हात चोळत.

संमतीपत्र सोबत आहे. फुली केलीय तिथे सही करायची.

तुमची भावजय

२३ जानेवारी

वहिनीबाईस,
आशीर्वाद. (लिहायचा म्हणून.)

फुली कुठे केलीय ते दिसलं. सही करणार नाही.

आज मीटर नवऱ्याच्या नावावर, उद्या घरपट्टी, परवा घर. मी शाळेची लायब्ररी सांभाळते म्हणून मला व्यवहार कळत नाही असं समजू नकोस. बाबांनी ते घर बांधलं तेव्हा विटांवर पाणी मारायला मी होते. तू तेव्हा कुठल्या गावात होतीस देव जाणे.

आणि सळयांना हात लावायचा नाही. बाबांनी त्या वर मजला चढवायचा म्हणून ठेवल्यात, तुझ्या चादरी फाडायला नाही. सोलर पाहिजे तर जिन्याच्या टपावर बसव, टाकीच्या मागे बसव. गच्चीचा दक्षिणेकडचा भाग मोकळा राहिला पाहिजे. का, ते तुझ्या नवऱ्याला विचार. लहानपणी त्याला आम्ही होयबा म्हणायचो. अजून तसाच असेल तर तुलाही होयच म्हणाला असेल.

पुढचं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी टपाल वेळेवर येत नाही.

ताई

२ फेब्रुवारी

ति. वन्सं यांस,

वीजबिलाच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, हे बिल मालकीचा पुरावा नाही. लायब्ररीत बसता, तर एवढं वाचायला हरकत नव्हती. घर तुमच्याही बापाचं आहे, ते खाऊन मला ढेकर द्यायचा नाहीये. मला सही हवी.

सोलर टाकीच्या मागे बसव म्हणता! तिथे दिवसभर टाकीची सावली. एका पॅनेलवर सावली पडली की ओळीतली बाकीचीही ढेपाळतात. सोलरच्या ठेकेदाराला तुमचा सल्ला सांगितला, तर तो बिचारा हसू दाबत चहा प्यायला. ऊन दक्षिणेलाच आहे, ते मी तिथे नेऊन ठेवलेलं नाही.

एक कळत नाही. तुमचा एवढा मोठा बंगला, पुढे बाग, मागे बाग. वर्षातून एकदा येता, आल्यावर पायरीवर बोट फिरवून धूळ बघता आणि जाता. तुम्हाला आमची गच्ची कशाला? आणि टपाल शाळेत का? माहेरी हक्क मागतेय हे जावईबापूंना कळायला नको म्हणून ना? ताकाला जाऊन भांडं लपवायची ही सवय जुनीच तुमची.

ह्यांना विचारलं, गच्चीचं काय. म्हणाले, "काही नाही." मग मी म्हटलं, वन्सं उगाच आडमुठेपणा करतायत ना? म्हणाले, "होय."

अहो, माझ्याबरोबर तीन बायकांची पोटं या कामावर आहेत. तुम्हाला मी आवडत नाही, ठीक. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

तुमची भावजय

१९ फेब्रुवारी

वहिनीबाईस,

बंगल्याच्या बागा मोजून झाल्या असतील तर ऐक.

दोन वर्षांपूर्वी मी घरी आले होते, तू हॉस्पिटलात चादरी पोचवायला गेली होतीस. गच्चीवर मी आणि माझा भाऊ. मी म्हटलं, रिटायर झाल्यावर या खांबांवर माझ्या फंडातून एक खोली बांधीन, चालेल? तो म्हणाला, "ताई, गच्ची तुझीच." हे शब्द आहेत. मी त्यावर विसंबलेय. तू आता तिथे पंचवीस वर्षं न हलणारा लोखंडी मांडव घालणार, आणि वर मलाच आडमुठी म्हणणार.

मला खोली कशाला, हा तुझा प्रश्न नाही. लोकांच्या बाल्कन्या मोजायची तुझी खोड गेली नाही. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. जावईबापूंचं नाव तर पुन्हा पत्रात काढू नकोस.

तुझ्या तीन बायकांबद्दल वाईट वाटतं. पण त्यांच्या पोटासाठी माझी गच्ची का? आजवर मी त्या घरातून एक वाटीसुद्धा नेलेली नाही. एकच गोष्ट मागितली, तीही त्यानं देतो म्हटल्यावर.

सही नाही म्हणजे नाही. रजिस्टर पाठव नाहीतर बँड वाजवत ये.

ताई

१ मार्च

ति. ताईस,
सा. न.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी गच्ची तुझीच म्हणालो होतो.

ही म्हणते तेही बरोबर आहे. काम गेलं तर अवघड होईल.

मिशीवाल्यांचंही तसं चुकीचं नाही, त्यांनाही सोलर हवंय.

तुम्ही दोघी बसून काय ते ठरवा. मी कुठेही सही करायला तयार आहे.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा

९ एप्रिल

ति. वन्सं यांस,

कळवायला आनंद होतो की तुमच्या सहीची गरज उरलेली नाही.

महिनाभर वाट पाहिली. मिशीवाल्यांचा अर्ज खिडकीपर्यंत पोचला तेव्हा ठेकेदार म्हणाला, "बाई, प्रतिज्ञापत्र करा. एकच वारस लिहा, घरी येऊन कोण मोजतंय?" ह्यांच्यापुढे कागद ठेवला, ह्यांनी केली सही. तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हालाच चांगला माहीत. आता सरकारदरबारी मामंजींना एकच अपत्य, आणि तो मुलगा. तुम्ही नाहीच, तर तुमची हरकत कुठून येणार?

नाव बदललं, तपासणी झाली, करार झाला. गेल्या सोमवारी नेट मीटरही बसलं. दुपारी पडद्यावर बाहेर जाणाऱ्या विजेचा बाण दिसतो. माझ्या बायका आळीपाळीनं बघून येतात. हॉस्पिटलला नवा दर दिला, त्यांनी काम ठेवलं.

सळया कापल्या. मुळापासून, वरून सिमेंट लावून सपाट. लोखंड भंगारवाल्यानं नेलं. आता चादरी फाटत नाहीत.

तुम्ही सरळ सही केली असतीत, तर निदान सळयांचा विषय निघाला असता तेव्हा मी चार वेळा विचार केला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुमची भावजय

९ एप्रिल

वहिनीस,

सोबत तुझं संमतीपत्र. फुलीवर सही केली आहे. नावबदलाला आणि गच्चीला, दोन्हींना.

धाकट्याचं पत्र वाचल्यावर कळलं की त्याच्या शब्दावर खोली बांधायची म्हणजे वाळूवर भिंत. त्याच्यावर रागावूनही उपयोग नाही. रागावलीस का विचारेल, आणि होय म्हटलं की तेही बरोबर आहे म्हणेल.

आता तू विचारलं होतंस ते सांगते. हे लिहायला मला तीन दिवस लागलेत, तेव्हा वाचताना तुझे ते टोमणे जरा बाजूला ठेव. मी बंगल्यात राहत नाही. गेल्या वर्षीच्या दिवाणखान्यातल्या भांडणानंतर... नाही, गोलगोल नको. त्यांनी दुसरी बाई घरात आणून ठेवली आणि मला म्हणाले, राहायचं तर राहा, स्वयंपाकघर आता ती बघेल. त्याच संध्याकाळी निघाले. मुलगा परदेशातून म्हणाला, आई, तुमच्या दोघांच्यात मी पडत नाही. त्याला मीच वाढवलंय, तेव्हा बोलणार कुणाला? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

वर्षभर नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात आहे. एका खोलीत तिघी, बाकीच्या दोघी, मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. मे अखेर मी रिटायर होतेय आणि नोकरी नसलेल्या बाईला तिथे ठेवत नाहीत. म्हणून टपाल शाळेत. आणि म्हणून गच्ची.

तुला हे सांगायचं नव्हतं. तुझ्यापुढे तर मुळीच नाही. तू खूश होशील असं वाटायचं, अजूनही वाटतं.

गच्ची घे. मला खाली कुठेतरी एक कोपरा दे. चादरींच्या गठ्ठ्यामागे चालेल. मी कुणाच्या पायरीवर बोट फिरवणार नाही.

ताई

१५ एप्रिल

वहिनीबाईस,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं मिळालं.

बाबांना मी नव्हतेच, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. नवऱ्यानं घरातून काढलं, भावानं कागदावरून काढलं. त्यातल्या त्यात नवरा बरा म्हणायचा, तो निदान तोंडावर बोलला.

तुमच्याकडच्या वीज कंपनीच्या उपविभागाच्या साहेबांना तक्रार पाठवली आहे. खोटं प्रतिज्ञापत्र, वारस लपवला, जोडणी रद्द करावी. माझा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडलाय, दोन्हींवर बाबांचं नाव आहे. तुझ्या बायकांना सांग, बाण बघून घ्या चार दिवस.

कोपरा मागितला होता तो विसर. गरज पडली तर स्टेशनवर झोपेन.

ताई

२७ एप्रिल

वन्सं,

वरचं तीर्थरूप-बिर्थरूप आज मुद्दाम गाळलंय, कारण मी इतकी चिडलेय की ते खोटं होईल.

वर्षभर वसतिगृहात राहिलात आणि मला कळवायला तुमचं तोंड शिवलं होतं का? मी बंगला, बाग, जावईबापू असं लिहितेय आणि तुम्ही तिकडे गंमत बघत बसलात! एका ओळीत सांगितलं असतंत तर ही वेळ आली असती का? मी खूश होईन म्हणे. मी भांडखोर आहे, चढेल आहे, काय वाट्टेल ते आहे. पण बाईला घराबाहेर काढल्यावर खूश होणारी नाही. हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नसेल तर तुमची लायब्ररी चुलीत घाला.

ह्यांना विचारलं, ताईला गच्ची देतो म्हणाला होतात? म्हणाले, "होय." मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू विचारलंस कुठे?" मी पुढ्यातलं भांडं आपटलं. तेवढ्यात आमची धाकटी लेक ते प्रतिज्ञापत्र वाचत होती, तिनं विचारलं, "बाबा, पुढे दादानं माझ्याबद्दल असं लिहिलं तर चालेल?" हे उठले आणि पाण्याची मोटर लावायला गेले. टाकी भरलेलीच होती. बराच वेळ वरून पाणी वाहत राहिलं. मी काही बंद करायला गेले नाही.

तिचं बोलणं मला दोन दिवस लागून राहिलं. माझ्या माहेरी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही आणि सांगणारही नाही. पण कागद माझ्याच हातानं पुढे सरकवला होता, ह्यांनी फक्त सही केली.

तुमची तक्रार पोचली. वायरमन येऊन सोलरच्या स्विचला सील ठोकून गेला. गच्चीभर ऊन आणि खाली इस्त्री विकतच्या विजेवर. मला कचेरीत बोलावलं. साहेब म्हणाले, खोट्या प्रतिज्ञापत्राचं प्रकरण वाईट आहे, जोडणी रद्द होईल आणि ती जागा समोरच्यांना जाईल. मिशीवाले बाहेर बाकावर बसलेलेच होते. मग साहेब म्हणाले, "पण बहिणीची संमती असेल, तीही तक्रारीच्या आधीच्या तारखेची, तर जोडा. चूक दुरुस्त केली असं धरतो, तक्रार निकाली काढतो."

ती माझ्या पर्समध्ये होती. तुमची सही, ९ तारीख, फुलीवर. टेबलावर ठेवायची की काम झालं. हॉस्पिटलचं काम राहणार, बायकांची पोटं राहणार, तुमची हरकत संपणार. हात पर्समध्ये गेलाही होता.

नाही ठेवली. साहेबांकडून दहा मेपर्यंत मुदत मागून घेतली.

ती सही तुम्ही केलीत तेव्हा आम्ही तुम्हाला पुसून टाकलंय हे तुम्हाला माहीत नव्हतं. ज्या बाईचा जन्मच झाला नाही असं मी लिहून दिलं, तिचीच सही वापरून मी सुटायचं? एवढी कोडगी अजून झाले नाही. संमतीपत्र सोबत परत पाठवतेय. फाडा, जाळा, नाहीतर पाठवा. तुमचं तुम्ही ठरवा. दहा तारखेपर्यंत काही आलं नाही तर मिशीवाल्यांच्या घरी पेढे.

सळयांचं गवंड्याला विचारलं. कापलेल्या परत जोडता येत नाहीत म्हणाला. त्यामुळे वरची खोली गेली ती गेलीच, ते माझ्या माथी. खाली मागची खोली रिकामी केलीय, चादरींचे गठ्ठे पुढे आणलेत. खिडकी आहे, पंखा जुना आहे पण चालतो. तुम्ही सही करा किंवा नका करू, खोलीचा त्याच्याशी संबंध नाही. ती दयेनं देत नाहीये. घर निम्मं तुमचंच आहे, हे मला साहेबांपुढे उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

आलात म्हणून मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

भावजय

३ मे

वहिनीस,

गोड बोललीस तर मीच परत जाईन.

संमतीपत्र फाडलं. ते एका भोळ्या बाईनं सही केलेलं होतं, ती आता नाही. रविवारी दुपारच्या गाडीनं येते. दोन पेट्या आणि पुस्तकांची तीन खोकी आहेत. धाकट्याला स्टेशनवर पाठव, आणि निघताना त्याला पत्ता, फलाट आणि गाडीची वेळ लिहून दे. नुसतं "होय" म्हणून भलत्याच गाडीला जाईल.

मागच्या खोलीला कडी आतून आहे का ते बघ. नसेल तर बसवून घे. वर्षभर मी कडी नसलेल्या खोलीत झोपलेय.

तू ती सही टेबलावर ठेवली नाहीस, हे मी दोनदा वाचलं. त्याबद्दल मी आभार मानणार नाही, कारण टेबलावर ठेवली असतीस तर मी तुझं तोंड आयुष्यात बघितलं नसतं, आणि मला जायला दुसरी जागा नाही. तुला हे कळावं म्हणून लिहिलं. तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे.

सोमवारी कचेरी उघडली की आपण तिघं जाऊ. तक्रार मी तिथेच, साहेबांसमोर मागे घेईन आणि संमती नव्यानं लिहून देईन. पण आधी नाही. आधी त्या खोट्या कागदाच्या जागी नवं प्रतिज्ञापत्र जायला हवं. मजकूर तूच लिहून ठेव, तुझं अक्षर बरं आहे. मयतांना अपत्यं दोन, असं लिही. आणि खाली नावं लिहिताना सवयीनं मुलाचं आधी टाकशील, तसं करू नकोस. माझं नाव आधी लिही. मी थोरली आहे.

ताई